शेवटचे दोन किलोमीटर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



भाषणासाठी पत्र आलं तेव्हा विषय माझ्यावरच सोपवलेला होता. कवीला विषय मोकळा दिला की तो पाऊस तरी निवडतो, नाहीतर आई. मी निवडला आमच्या गावाच्या टेकडीवरचा टॉवर. पाऊस आणि आई त्यातही येणारच आहेत, त्याला माझा इलाज नाही.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, वाशिष्ठीच्या खोऱ्यात, चिपळूणपासून वीस-बावीस किलोमीटर आत. पूर्वेला सह्याद्रीची भिंत आणि बाकीच्या बाजूंनी टेकड्या. परातीच्या मधोमध पिठाचा गोळा ठेवावा तसं गाव बसलेलं. खालच्या अंगाला ओढ्याकाठी आमचा मोहल्ला, मध्ये बाजारपेठ, आणि पाखाडी चढत गेलं की वाड्या. सूर्य आमच्याकडे उशिरा येतो आणि लवकर जातो. एसटी दोन वळणं अलीकडे असते तेव्हाच तिची घरघर ऐकू येते, पण ती दिसते एकदम थांब्यावर. डोंगरातल्या माणसाला याची सवय असते. ऐकू आधी येतं, दिसतं नंतर.

रेडिओ आणि टीव्ही आमच्याकडे याच क्रमानं आले. १९७७ साली रत्नागिरी आकाशवाणी केंद्र सुरू झालं. मी तेव्हा बालवाडीच्या वयाचा. अम्माच्या चुलीजवळच्या कोनाड्यात एक ट्रान्झिस्टर असे. भाकरी थापता थापता ती रत्नागिरी ऐकायची. भजन, भावगीत, शेतीचा सल्ला, हवामान, सगळं. मधे एवढे डोंगर असूनही आवाज यायचा, कारण रत्नागिरीचं प्रक्षेपण मीडियम वेव्हवर, मराठीत म्हणतात तसं मध्यमलहरींवर होतं. ही लहर लांबलचक असते, जमिनीला धरून चालते, टेकडी आडवी आली तर वळसा घालून पुढे जाते. रात्री चाचांच्या घरी बीबीसीची हिंदी सेवा लागे, ती लघुलहरींवर. ती लहर आभाळाच्या वरच्या थराला आपटून खाली येते, तिला डोंगराची पर्वाच नसते.

टीव्हीची लहर मात्र नाकासमोर चालणारी. उजेड जसा सरळ जातो तशी ती जाते, आणि उजेडाला जशी सावली पडते तशी तिलाही पडते. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या गांधीजयंतीला सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. आम्ही मात्र सह्याद्रीच्या सावलीत. आमच्यासाठी सिंहगडही लांब आणि चंद्रही लांब.

मग १९८३ च्या ऑगस्टमध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह गेला आणि सगळं बदललं. दिल्लीचं चित्र वर पाठवायचं, उपग्रहानं ते देशभर खाली सोडायचं, आणि गावोगावच्या छोट्या केंद्रांनी ते झेलून आजूबाजूला पसरवायचं, अशी ती योजना. १९८४ साली काही महिने देशात दिवसाला सरासरी एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता. त्या लाटेतला एक पुढे आमच्या वाट्याला आला. टेकडीवर जांभ्याच्या चिऱ्यांच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. बाहेर आभाळाकडे तोंड केलेली मोठी थाळी, मागे जनरेटर, आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा टॉवर. पाटीवर लिहिलं होतं ‘लघुशक्ती प्रक्षेपण केंद्र’. लघु म्हणजे किती, तर शंभर वॅट. आमच्या पडवीत जो पिवळा दिवा जळायचा तोही शंभर वॅटचाच. एवढ्याशा शक्तीत पंधरा-वीस किलोमीटरच्या टापूत चित्र पोचायचं, अर्थात मधे डोंगर नसेल तर.

तिथं काम करणारे जे तंत्रज्ञ होते, त्यांना सगळं गाव ‘टॉवरवाले साहेब’ म्हणे. घाटावरचे होते. बाजारात बोंबील बघून नाक मुरडायचे आणि चार महिन्यांत तेच घासाघीस करून घेऊ लागले. त्यांनी मला एकदा हिशेब समजावून सांगितला. म्हणाले, दिल्लीहून निघालेलं चित्र छत्तीस हजार किलोमीटर वर जातं, तितकंच खाली येतं. त्या बहात्तर हजार किलोमीटरमध्ये कुणी अडवणारं नसतं. टेकडीवरून तुमच्या घरापर्यंत फार तर दोन किलोमीटर. पण खरी मारामारी त्या शेवटच्या दोन किलोमीटरची.

ती मारामारी आम्ही रोज पाहत होतो. बाबा कुवेतला होते. १९८५ च्या सुट्टीत त्यांनी वीस इंची रंगीत टीव्ही आणला, सहार विमानतळावर जकात भरून. मी नववीत होतो. कौलांवर बांबू, बांबूवर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा अँटेना, आणि तिथून खिडकीतून आत आलेली चपटी वायर. मी कौलांवर, धाकटी बहीण खिडकीत आणि अम्मा टीव्हीसमोर. ‘आलं का?’ ‘नाही.’ ‘आता?’ ‘आलं, आलं... गेलं! तिथंच हात धरून उभा राहा!’ ज्यांच्या घरी तो काळ होऊन गेला, त्यांना पुढचं सांगायला नको.

आमच्याकडे चित्र यायचं ते जोडीनं. प्रत्येक माणसाच्या उजवीकडे त्याची फिकट सावली. आम्ही त्याला भूत म्हणायचो. साहेब म्हणाले, ते भूत नव्हे, तो समोरचा डोंगर. टॉवरची लहर तुमच्याकडे सरळ येते, तशीच समोरच्या डोंगरावर आपटूनही येते. दुसरीचा रस्ता लांबचा, म्हणून ती जरा उशिरा पोचते. तीनशे मीटरचा वळसा पडला तर तुमच्या वीस इंची पडद्यावर चित्र पाऊण सेंटिमीटर सरकतं. म्हणजे पडद्यावर पट्टी ठेवून डोंगर किती लांब आहे ते मोजता येईल. मी खरोखरच पट्टी घेऊन बसलो होतो. १९८७ च्या जानेवारीपासून दर रविवारी सकाळी आमच्या पडवीत रामायणाला सत्तर-ऐंशी माणसं बसायची. वाड्यांतून आलेल्या म्हाताऱ्या पडद्याला हात जोडायच्या आणि अम्मा त्यांना पाणी द्यायची. आमच्याकडे राम दोन दिसायचे, रावण वीस तोंडांचा. पुढच्या वर्षी ‘मिर्झा गालिब’ लागली तेव्हा पडवीत चारच माणसं होती, पण गालिबही दोन होते.

कौलांवर चढलं की एक गोष्ट दिसायची. मोहल्ल्यातला अँटेना असो, पेठेतला असो की बौद्धवाडीतला, सगळ्यांचं तोंड त्या एकाच टेकडीकडे. गावात एवढं एकमत मी नंतर कधी पाहिलं नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर नाहीच.

आता भाषेचं सांगतो, कारण माझं पोट भाषेवर नसलं तरी जीव तिच्यावर आहे. आमच्या घरात जी बोली आहे ती कोकणी मुसलमानांची. तिचा सांगाडा मराठीचाच. वरून अरबी-फारसी शब्द आणि खाऱ्या वाऱ्याचा हेल. मोहल्ल्यातली शाळा उर्दू होती. मला मात्र बाबांनी पेठेतल्या मराठी शाळेत घातलं, कारण तहसीलचे कागद वाचता येईना म्हणून त्यांच्या वडलांची जमीन गेली होती. अम्मा शाळेत फार गेलेली नाही. रत्नागिरीच्या रेडिओवरचं मराठी तिला कळायचं. टॉवरवरून येणारी दिल्लीची हिंदी, विशेषतः बातम्यांची, तिला अर्धीच कळायची. आमच्या टॉवरवरून तेव्हा बहुतेक वेळ दिल्लीच येई. मुंबईचे मराठी कार्यक्रम उपग्रहावरून आमच्यापर्यंत यायला पुढे बराच काळ जावा लागला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला दिल्लीतली परेड दिसायची आणि मुंबईतल्या मराठी बातम्या दिसायच्या नाहीत. गंमतच होती. पण त्या गंमतीचं ओझं किती असतं ते मला १९९० साली कळलं.

२ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. आमच्या मोहल्ल्यात घर टाकून घर कुणी ना कुणी कुवेतला होतं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. फोन लागेनात, पत्रं बंद झाली. तिथला दिनार रातोरात कागद झाला. बायका एकमेकींच्या घरी नुसत्या बसून राहायच्या, स्वयंपाक अर्धा टाकून. बातमीचे रस्ते तीन. दुपारी-संध्याकाळी रेडिओ, रात्री चाचांचं बीबीसी, आणि टॉवरचा टीव्ही. पहिल्या दोघांत ऐकू यायचं. दिसायचं फक्त टीव्हीत. आणि ज्याचं माणूस हरवलंय त्याला ऐकून समाधान होत नाही, त्याला बघायचं असतं.

ऑगस्टच्या मध्यावर बातमी आली की कुवेतमधले भारतीय इराकमार्गे जॉर्डनला पोचताहेत आणि अम्मानहून एअर इंडियाची विमानं त्यांना मुंबईला आणताहेत. पुढच्या दोन महिन्यांत असे एक लाखाहून अधिक लोक आणले गेले. ती चित्रं टीव्हीवर दाखवतील म्हणून मोहल्ला आमच्या पडवीत जमला, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी पडद्यावर मुंग्या. अँटेना हलवला, वायर बदलली. मुंग्याच. दुसऱ्या दिवशीही तेच. पाऊस असा, की पागोळ्यांचा पडदा झालेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दहा-बारा जण छत्र्या नि इरली घेऊन पाखाडी चढून टेकडीवर गेलो. खरं सांगायचं तर भांडायलाच गेलो होतो.

साहेब दारात उभे राहिले. तीन दिवसांची दाढी वाढलेली. म्हणाले, टॉवरवर जाणाऱ्या केबलमध्ये पाणी शिरलंय. पाणी शिरलं की खालून पाठवलेली शक्ती वर न जाता उलटी परत येते. मग यंत्र स्वतःला वाचवायला आपोआप बंद पडतं. नवी केबल मागवली आहे, घाटात दरड पडल्यामुळे गाडी अडकली. आमच्यातला एक जण मोठ्यानं म्हणाला, म्हणजे दिल्लीहूनच काही येत नाही का? साहेब म्हणाले, येतंय ना. थाळी व्यवस्थित झेलते आहे. आत माझ्या मॉनिटरवर चित्र स्वच्छ दिसतंय. इथं काही तयार होत नाही हो, वरून येतं ते आम्ही पुढे देतो. फक्त पुढे देता येत नाही.

मग कुणीच काही बोललं नाही. पावसाचा आवाज तेवढा होता. साहेबांनी आमच्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’ असं तिथं लिहिलेलं होतं. मग ते म्हणाले, पुढे देता येत नाही तर तुम्हीच आत या.

चपला बाहेर काढून, लुंग्या पिळून आम्ही आत गेलो. यंत्रांची ती खोली, एका कोपऱ्यात चौदा इंची मॉनिटर. त्यावर बातम्या लागल्या होत्या. मी पहिल्यांदाच भूत नसलेलं चित्र पाहिलं. एका माणसाचा एकच माणूस. वाळवंटातले तंबू, पाण्याच्या टाकीसमोरची रांग, डोक्यावर टॉवेल टाकलेली माणसं. मग विमानाच्या जिन्यावरून उतरणारी माणसं, हातात प्लॅस्टिकची पिशवी. आम्ही बारा जण त्या चौदा इंचांवर ओणवे झालो होतो. कॅमेरा चेहऱ्यांवरून जायचा तो इतक्या वेगानं, की मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे जरा थांब. आमच्या शेजारचे चाचा म्हणाले, ‘तो पाठमोरा, तो आपला सलीम.’ पाठमोरा माणूस कुणीही असू शकतो. पण कुणी त्यांना नाही म्हटलं नाही. बाबा दिसले नाहीत.

बातम्या संपल्यावर साहेबांनी स्टोव्हवर चहा केला, सहा कपांत बारा जणांना दिला. मग आम्ही उतरायला लागलो, आणि मला एकदम ध्यानात आलं की आता हे सगळं खाली सांगायचंय. पडव्यांतून बायका वाट बघत असतील. पाखाडी उतरताना मी बातम्या मनात घोकत होतो. टॉर्चच्या उजेडात पायऱ्या बघायच्या आणि ओठांवर बातम्या. आणि तिथं अडलो. वृत्तनिवेदक सारखा ‘खाडी संकट’ म्हणत होता. हिंदीत खाडी म्हणजे आखात. पण अम्माला खाडी म्हटली की दाभोळची खाडी. तिथं कसलं आलंय संकट? मराठीतला ‘आखात’ शब्द तरी तिला कुठे माहीत होता? ‘शरणार्थी शिबिर’ म्हटलं तर तिला काय दिसणार? मी एकेक शब्द टाकत गेलो आणि घरातला शब्द शोधत गेलो. शिबिर नव्हे, उरुसाला पाल ठोकतात तशी पालं. शेकडो. वाळूत. पाणी मोजून मिळतं, पण मिळतं. विमान रोज येतं. माणसं थकलेली आहेत, पण चालत जिना उतरताहेत.

अम्मानं मला ते तीनदा सांगायला लावलं. मग शेजारच्या खालानं. मग त्यापलीकडच्या घरी. त्या रात्री मी नऊ घरी बातम्या सांगितल्या. तिसऱ्या-चौथ्या घरापर्यंत वाक्यं घटवली गेली, नको ते गळून पडलं. लोक मला विचारतात, तुम्ही कविता कधीपासून लिहिता? मी काहीतरी साल सांगतो. मनात मात्र ती पाखाडी असते.

केबल आठवड्याभरानं आली. भर पावसात साहेब स्वतः टॉवरवर चढले तेव्हा खाली निम्मा मोहल्ला श्वास रोखून उभा होता. आणि बाबांची खबर आली ती टीव्हीवरून नाहीच. गुहागरकडचा एक माणूस अम्मानहून परतला, त्याच्या खिशात सिगारेटच्या पाकिटाच्या चांदीमागच्या कागदावर बाबांनी लिहिलेल्या दोन ओळी होत्या. तो माणूस आपलं घर गाठायच्या आधी वाट वाकडी करून आमच्याकडे आला. तोही शेवटचे काही किलोमीटर. बाबा सप्टेंबरअखेर आले. गालफडं बसलेली, हातात एक पिशवी. टीव्हीसमोर बसले आणि म्हणाले, ‘अजून दोन-दोन दिसतात की रे.’

पुढचं भराभर सांगतो. गावात केबल आली, टेकडीकडे बघणारे अँटेने एकेक करून उतरले. काहींवर दुधी चढले, काहींवर कपडे वाळू लागले. २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनची थेट घरात येणारी छत्रीसेवा सुरू झाली, मग खासगी कंपन्यांच्या छत्र्या आल्या. आता आमच्या गावात कौलांवर बघाल तर सगळ्या छत्र्यांची तोंडं आग्नेयेला, वर आभाळाकडे. टेकडीकडे कुणाचंच नाही. टॉवर मात्र चालूच होता, ओटीवरच्या म्हाताऱ्यासारखा. कुणी ऐको न ऐको, आपलं बोलणं सोडायचं नाही. प्रसार भारतीनं जुन्या पद्धतीचे हे प्रक्षेपक टप्प्याटप्प्यानं बंद केले. सीमेवरची वगैरे थोडी ठिकाणं सोडली तर मार्च २०२२ पर्यंत देशातले जवळजवळ सगळे थांबले. आमचाही त्यात गेला. निर्णयात चूक काढावी असं मला वाटत नाही. बघणारेच उरले नव्हते, आणि विजेचं बिल तर यायचंच.

पण बंद व्हायच्या आठ महिने आधी एक गोष्ट घडली, ती सांगायला हवी.

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीला महापूर आला आणि चिपळूण बुडालं. माझी बहीण, तीच खिडकीत उभी राहणारी, चिपळूणच्या बाजारपेठेत राहते. पहाटे तिचा फोन आला, ‘पाणी पायरीला लागलंय.’ मग वीज गेली, मोबाइलचं नेटवर्क गेलं. रस्ते बंद. वीस-बावीस किलोमीटरवर माझी बहीण आणि मला काही कळत नाही. माझा मुलगा शारजात नोकरीला आहे. तो तिकडे फोनवर चिपळूण बघत होता. होड्या, गच्चीवरची माणसं, पाण्यात अर्धी बुडालेली एसटी. एकतीस वर्षांपूर्वी मी इथं बसून तिकडची माणसं शोधत होतो. आता तो तिकडे बसून इथली शोधत होता. त्याला आमच्या बाजारपेठेची गल्ली दिसत होती, मला दिसत नव्हती. आणि तो मला सांगू शकत नव्हता, कारण मधले शेवटचे वीस किलोमीटर मुके झाले होते. मोबाइलचा टॉवरही शेवटी विजेवरच चालतो.

मी कोनाड्यातून ट्रान्झिस्टर काढला, सेल घातले. खरखरत रत्नागिरी लागलं. पुराच्या बातम्या सांगत होते. सगळ्या जिल्ह्याच्या, कारण केंद्र जिल्ह्याचं. त्यात माझ्या बहिणीची गल्ली कशी असणार? तेवढ्यात समोर बघितलं तर ढगातून टेकडी उघडी पडली होती आणि तिच्यावर आमचा टॉवर. शंभर वॅटचा, जनरेटर असलेला, पंधरा-वीस किलोमीटर पोच असलेला. त्याच्यातून त्या क्षणीही दिल्ली चालू असणार. सगळं काही होतं त्याच्याकडे. एक नव्हतं. माइक नव्हता. ‘इथं काही तयार होत नाही, वरून येतं ते आम्ही पुढे देतो’, साहेबांचं वाक्य मला तेव्हा वेगळ्या तऱ्हेनं ऐकू आलं. दिल्लीतली गोष्ट वाडीला सांगायला आपण देशभर शेकडो टॉवर उभे केले. या वाडीची गोष्ट त्या वाडीला सांगायची सोय त्यातल्या एकातही केली नाही. कुठला पूल बंद, कुठल्या शाळेत जेवण मिळतंय, कुणाच्या गच्चीवर कोण आहे, हे सांगायला बहात्तर हजार किलोमीटर लागत नाहीत. दोन पुरतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुडघाभर चिखल तुडवत एक रिक्षावाला मुलगा आला. खिशात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी. ‘वरच्या मजल्यावर आहोत. सगळे ठीक. पाणी पाठवा.’ मला सिगारेटच्या पाकिटाचा तो कागद आठवला.

श्रोतेहो, मी तंत्रज्ञ नाही आणि जुनं ते सोनं म्हणणाराही नाही. मुंग्यांचा टीव्ही परत आणा असं मी म्हणणार नाही. पण टेकडी आहे, खोल्या आहेत, टॉवर उभा आहे, वीज आलेली आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये देशात एक्क्याण्णव ठिकाणी शंभर-शंभर वॅटचे एफएम रेडिओचे प्रक्षेपक सुरू झाले. चांगलं झालं. आमचं गाव त्यात नव्हतं, पुढेमागे येईलही. येईल तेव्हा त्याला एक छोटी खोली आणि एक माइक जोडावा, एवढंच मागणं आहे. हे काही आकाशातलं मागणं नाही. २००६ पासून सामाजिक संस्थांना असं छोटं रेडिओ केंद्र चालवायला सरकार परवानगी देतं. सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ चालतं, तिथं बाया माइकवर बसून आपल्या बोलीत आपल्या गावाशी बोलतात. माणदेशाला डोंगर कमी आणि पाऊसही कमी. आमच्याकडे दोन्ही भरपूर आहेत. गरज कुणाला अधिक, ते तुम्हीच ठरवा.

आता शेवटचं. अम्मा पंचाहत्तरीला आली आहे. हॉलमध्ये मोठा टीव्ही आहे, छत्री आहे, शंभर वाहिन्या आहेत. पण तिच्या स्वयंपाकघरात एक जुना छोटा टीव्ही होता, वर अँटेना असलेला. भाकऱ्या करताना तिला त्याच्यावर संध्याकाळचं मराठी लागायचं, तेवढंच ती बघायची. रिमोटचा त्रास नको म्हणायची. टॉवर बंद झाला त्या संध्याकाळी तिनं नेहमीसारखं बटण दाबलं. मुंग्या आल्या. मी सांगितलं, ‘अम्मा, तो टॉवर आता बंद झाला. कायमचा.’ तिनं माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. टीव्ही बंद केला नाही. भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली,

‘केबलीत पाणी शिरलं असेल. साहेबाला कळवलंस का?’